बॉलला नमस्कार

माझी पाठ रुंद आहे. हे मला आरशाने नंतर सांगितलं, आधी नातेवाइकांनी सांगितलं. पुण्यात आमच्याकडे कुठलंही लग्न असलं की फोटोच्या वेळी आत्या ओरडायची, "हिला मागे घ्या गं, ही पुढे उभी राहिली की निम्मं वऱ्हाड झाकलं जातं!" सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण जाड मुलगी हसली नाही की लोक लगेच 'मनाला लावून घेतलं वाटतं' म्हणतात आणि समजूत घालायला येतात. त्या समजुतीपेक्षा हसणं परवडायचं. आज हीच पाठ घेऊन मी ऑकलंडमध्ये राहते, आणि मला तिचा अभिमान आहे. तो कसा आला ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

शाळेत मला खो-खोचं वेड होतं. खो-खोला माझं नव्हतं. मी एकही दिवस प्रॅक्टिस चुकवत नसे म्हणून सर मला टीममध्ये घ्यायचे, पण मैदानात कधी उतरवायचे नाहीत. मी राखीव. राखीव म्हणजे बाकावर बसायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि कुणाचा पाय मुरगळतो का याची वाट बघायची. आमच्या शाळेतल्या मुलींचे पाय भलतेच मजबूत होते. तरीसुद्धा मैदानाच्या कडेला पोचले की मी सगळ्यांसारखी वाकून मातीला हात लावायचे आणि तो हात छातीला लावायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "तू कशाला नमस्कार करतेस? तू कुठे खेळणार आहेस?" मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी तिच्यादेखत दोनदा केला. त्या खेळातलं माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं आणि ते मी सोडणार नव्हते.

पुढे दुधावरच्या प्रक्रियांचं शिक्षण घ्यायला मी याच देशातल्या पामर्स्टन नॉर्थला आले. गाव लहान, सपाट, आणि वारा असा की विद्यार्थी सायकलवरून उतरून सायकल ढकलत वर्गात जातात. एका शनिवारी मी तांदळाची मोठी गोणी खांद्यावर टाकून त्या वाऱ्यातून घरी निघाले होते. शेजारून जाणारी एक गाडी हळू झाली. काच खाली करून एक टोंगन बाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, लिफ्ट देणार.

"कुठला खेळ खेळतेस?" तिने विचारलं.

"कुठलाच नाही."

"मग आतापर्यंत काय करत होतीस?" ती म्हणाली. मंगळवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या मैदानावर ये म्हणाली आणि निघून गेली. गोणी माझ्याच खांद्यावर राहिली.

ती बाई तिथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती, आणि विद्यापीठातल्या मुलींची अमेरिकन फुटबॉलची टीम उभी करायचं तिच्या डोक्यात होतं. या देशात पोरं चालायला लागली की रग्बी खेळायला लागतात. अमेरिकन फुटबॉल खेळणारे इथे मूठभर, त्याला इथे ग्रिडायर्न म्हणतात, आणि आमच्या विद्यापीठात मुलींनी तो त्याआधी कधीच खेळला नव्हता. आम्ही पहिल्या. हेल्मेटं ऑकलंडच्या कुठल्याशा क्लबने टाकून दिलेली होती. माझ्या हेल्मेटच्या आत कुणाच्या तरी शॅम्पूचा वास यायचा, तो शेवटपर्यंत गेला नाही.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन टीम समोरासमोर रांगेत वाकून उभ्या राहतात, मधे हातभर जागा. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. नाही सरकले तर बॉल समोरच्यांचा. बॉल घेऊन समोरच्यांची गोलरेषा ओलांडली की सहा गुण. रांगेच्या बरोबर मधे जी मुलगी असते ती सेंटर. बॉल जमिनीवर तिच्यासमोर असतो. ती तो दोन पायांच्या मधून मागे देते, आणि मागे उभी असलेली क्वार्टरबॅक तो घेऊन पुढचं काय ते करते. सेंटरने बॉल हलवल्याशिवाय कुणीही जागचं हलायचं नाही, ना आपल्यांनी ना समोरच्यांनी. समोरचे आधी घुसले तर आपल्याला पाच यार्ड फुकट. बॉल मागे गेला की समोरून येणारी धडक सेंटरने अंगावर घ्यायची आणि क्वार्टरबॅकला झाकायचं.

कोचने पहिल्याच दिवशी मला मधे उभं केलं. माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाली, "मी दिसते का?" कुणीतरी म्हणालं, "नाही दिसत, कोच." "स्वीट अ‍ॅज!" ती म्हणाली. "झकास, मिळाली आपली सेंटर." ज्या गोष्टीसाठी मला लग्नाच्या फोटोत मागे घ्यायचे, तिच्यासाठीच इथे मला मधे उभं केलं होतं. घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

आता नमस्काराचं. पहिल्या मॅचला मी वाकले, बॉल समोर होता, आणि माझा हात आपोआप बॉलला लागून छातीला लागला. मग मी बॉल धरला आणि मागे दिला. पुढच्या वेळीही तसंच. मला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. कळलं ते आमच्या क्वार्टरबॅकमुळे. ती माओरी मुलगी, बापाची मेंढ्यांची शेती, आवाज खणखणीत. पण बॉल कधी सुटणार याची तिने मागून दिलेली हाक पामर्स्टनच्या वाऱ्यात रांगेतल्या मुलींपर्यंत पोचायचीच नाही. कुणी आधी हलायचं, कुणी नंतर. मग तीच म्हणाली, "ही छातीला हात लावते ना, त्यानंतर मनात दोन म्हणायचं. बॉल येतोच." बरोबर होतं. मी छातीला हात लावला की एक, दोन आणि बॉल मागे. सगळ्या टीमचं घड्याळ त्या हातावर चालायला लागलं. कोचने रेफरीला विचारून घेतलं. तो म्हणाला, बॉल धरायच्या आधी हात फिरवून झाला आणि नंतर ती स्थिर राहिली तर माझी हरकत नाही. माझा नमस्कार असा कायदेशीर झाला.

काही मॅच आम्ही हरलो, पण सन्मानाने हरलो. मग ऑकलंडच्या दक्षिण भागातली एक टीम आमच्याकडे खेळायला आली आणि त्यांनी आम्हाला अक्षरशः धुतलं. माझ्यासमोर त्यांची एक सामोअन मुलगी होती. पेनरोजच्या एका डेपोत ती फोर्कलिफ्ट चालवायची, आणि माणसंही तशीच उचलायची. मी बॉल हलवायला आणि तिने अंगावर यायला एकच गाठ पडायची. मला मान वर करायलाही वेळ मिळेना. क्वार्टरबॅक बिचारी दिवसभर आडवी होती.

क्वार्टरबॅकच्या मावशीने ती मॅच फोनवर घेतली होती. सोमवारी कोचने आम्हाला ती दाखवली. बघताना पहिल्यांदा मीच म्हणाले, "अरे देवा." माझा हात छातीला लागला की समोरची दोन मोजत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. आमचं घड्याळ तिने स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं.

कोच बाई सरळ होती, गोड बोलून घास भरवणारी नव्हती. ती म्हणाली, "शनिवारी आपण त्यांच्याकडे जातोय. तोपर्यंत तुझा तो हात बंद झाला तर तू मधे. नाही झाला तर मधे दुसरी." दुसरी तयारच होती. रग्बीतून आलेली, दणकट, कामसू मुलगी. तिच्यावर राग धरण्याचीही सोय नव्हती, इतकी ती चांगली होती.

आईला फोन केला. "आई, नमस्कार बंद करायला सांगतायत."

"कुणी? आणि कुणाला करतेस?"

"कोचने. बॉलला."

 हा खेळ आईला अजूनही कुस्ती वाटतो. ती म्हणाली, "अगं, मनात चालू ठेव आणि हाताचा बंद कर. तुझ्या आत्याला मी दर दिवाळीला वाकून नमस्कार करतेच ना? तिथे हात चालू असतो आणि मन बंद. तू उलटं कर. हाय काय अन् नाय काय!"

"ते आत्याला कळत असेल आई."

"कळू दे की," आई म्हणाली.

पण मला आईसारखं हात एकीकडे आणि मन दुसरीकडे ठेवणं जमत नाही. तो आठवडा फार वाईट गेला. हात दाबून ठेवला की बॉल बिघडायचा. कधी क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून जायचा, कधी माझ्याच टाचेवर आपटायचा. गुरुवारी मी कोचला तोंडावर सांगितलं, "हात बंद होत नाही. आणि खरं सांगायचं तर मला तो बंद करायचाही नाहीये." ती म्हणाली, "बरं. मग शनिवारी तू बाकावर." मी हो म्हटलं आणि घरी जाऊन भांडी आपटली. माझ्यासोबत घरात भाड्याने राहणाऱ्या मुली त्या दिवशी स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत.

शनिवारी व्हॅनमधून आम्ही उत्तरेला निघालो. मैदान ऑकलंडमध्ये ओटाहुहूच्या बाजूला होतं. कडेला त्यांची सगळी बिरादरी जमलेली. आज्या घडीच्या खुर्च्यांवर, पोरं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन अनवाणी पळताहेत, कुठेतरी सॉसेज भाजायचा वास. मी कडेला वाकले, गवताला हात लावला, छातीला लावला आणि जाऊन बाकावर बसले. बाक अॅल्युमिनियमचा होता, शाळेतला लाकडी होता. बाकी काही फरक नव्हता. एवढा समुद्र ओलांडून मी पुन्हा राखीवच झाले होते.

पण बाकावर बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. शाळेतली सगळी वर्षं मी बसून खो-खो पाहिला आहे. पळणारी मुलगी हुलकावणी द्यायच्या आधी खांदा कुठे टाकते, पाठलाग करणारी कशाला फसते, हे खेळणाऱ्यांना दिसत नाही. त्यांना पळायचं असतं. ते बाकावरच्याला दिसतं. मी त्या फोर्कलिफ्टवालीकडे बघत बसले.

पहिल्या अर्ध्यात स्कोअर सारखा होता, आमचे सहा, त्यांचे सहा. आमची नवी सेंटर उत्तम खेळत होती. एकदा वाकण्याआधी तिने छातीवर चढलेली जर्सी खाली ओढली. आणि समोरची दचकली. पुढे झेपावली नाही, पण तिची टाच उचलली गेली आणि ओठ हलले. पुन्हा एकदा नव्या सेंटरने छातीवरची माती झटकली. पुन्हा टाच उचलली. मी उभीच राहिले. तिला माझी सवय लागली होती. आमच्या गावच्या मॅचमध्ये आम्हाला धुताना तिने तो हात इतक्या वेळा पाहिला होता की आता हात दिसला की तिचं अंग तिला न विचारता निघत होतं.

मध्यंतरात मी कोचकडे गेले आणि सांगितलं, "मला मधे घ्या आणि माझा हात चालू राहू दे. ती हात बघते, बॉल नाही."

कोचचे डोळे चमकले. "म्हणजे तू खोटा नमस्कार करणार, आणि बॉल देणार नाहीस!"

"खोटा नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण सगळ्या वळून बघायला लागल्या. "मी नमस्कार खोटा करत नाही. खरा करीन, नेहमीसारखा. त्याच्यानंतर बॉल दोनवर द्यायचा असं मी कुणाला वचन दिलेलं नाही. ते तुम्ही सगळ्यांनी मोजलंत."

क्वार्टरबॅक हसली. "खरंय. आपणच मोजलं."

"आता मोजायचं नाही," मी तिला आणि बाकीच्यांना म्हटलं. "माझ्या हाताकडे बघायचं नाही. बॉल हलला की हलायचं. मी कितीही वेळ धरून बसले तरी बॉल हलल्याशिवाय कुणी बोट हलवायचं नाही." सोपं नव्हतं ते. सबंध हंगाम आम्ही त्या हातावर खेळलो होतो. आमची एक मुलगी जरी सवयीने दोनवर निघाली असती तरी दंड आम्हालाच झाला असता. कोचने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नव्या सेंटरला म्हणाली, "तू आता तिच्या डाव्या बाजूला." त्या मुलीने माझ्या पाठीवर थाप मारली. मनात काही असेल तर तिने दाखवलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात मी लगेच काही केलं नाही. हात फिरवायचे आणि मुकाट दोनवर बॉल द्यायचे. ती यायची, मी आपटायचे. तिला वाटलं, हे आलं आपलं जुनं गिऱ्हाईक. एकदा तर मला हात देऊन उठवताना ती म्हणाली, "किआ ओरा, कशी आहेस? तुझी आठवण आली होती." मला राग आला आणि ती आवडलीही. अंग ठेचत होतं, पण मी योग्य वेळेची वाट बघत होते.

ती वेळ अगदी शेवटी आली. स्कोअर अजून सारखाच. आमचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि तीन यार्ड कमी. समोर त्यांची गोलरेषा दिसत होती. हा प्रयत्न फुकट गेला की बॉल त्यांचा. क्वार्टरबॅकने सगळ्यांना जवळ घेऊन फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

रांग लागली. मी वाकले. बॉलला हात लावला, छातीला लावला. त्या दिवशी केलेल्या सगळ्या नमस्कारांत तो सगळ्यात मनापासूनचा होता. मी देवाकडे जिंकणं मागितलं नाही. मला इथून हलवू नकोस, एवढंच म्हणाले. मग बॉल धरला आणि थांबले. एक गेला. दोन गेला.

ती आली. एवढ्या वजनाचं माणूस पूर्ण निघालं की त्याला स्वतःलाही थांबता येत नाही. तिचं हेल्मेट माझ्या खांद्यावर आदळलं आणि माझ्या मानेपासून कमरेपर्यंत कळ गेली. पण माझी पाठ हलली नाही. बोटांतला बॉल हलला नाही. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या मुली, मागची क्वार्टरबॅक, सगळ्या पुतळ्यासारख्या स्तब्ध होत्या. एकीचंही बोट हललं नाही. शिट्टी वाजली, रेफरीचा पिवळा रुमाल गवतावर पडला, आणि आम्हाला पाच यार्ड मिळाले. त्याबरोबर नवे चार प्रयत्न.

चार लागलेच नाहीत. पुढच्याच वेळी मी हात फिरवला, बॉल धरला, जेमतेम एक मोजेपर्यंत स्थिर राहिले आणि बॉल मागे दिला. समोरची आता शहाणी झाली होती. हात बघूनही ती हलली नाही, खाली मान घालून बॉलची वाट बघत होती, पण तो इतक्या लवकर सुटेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तेवढ्या क्षणात मी तिच्या छातीखाली शिरले. आयुष्यात पहिल्यांदा मी ती पाठ पूर्ण वापरली, काही हातचं न राखता. ती मागे सरकली, आणखी मागे सरकली, आणि माझ्या पाठीशी चिकटून क्वार्टरबॅक बॉल पोटाशी धरून गोलरेषेपलीकडे गेली. मी तिला पडताना पाहिलं नाही, कारण मी आणि फोर्कलिफ्टवाली आधीच एकमेकींवर पडलो होतो. आमच्या टीमचा तो पहिला विजय. कोच रडत होती आणि ओरडत होती की मी रडत नाहीये.

सगळं आवरल्यावर मी कडेला गवतावर बूट काढत बसले होते. फोर्कलिफ्टवाली आली आणि शेजारी धपकन बसली. आज आम्ही दोघी पेनरोजला एकाच डेपोत काम करतो. ती गाड्या बघते, मी थंड मालाचा दर्जा तपासते, आणि ती नोकरी मला तिनेच सुचवली. पण तेव्हा मी तिला नीट ओळखतही नव्हते. तिने विचारलं, "तो हात, ती प्रार्थना असते का?"

"साधारण तसंच," मी म्हणाले. "आमच्याकडे करतात. खेळायच्या आधी."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

तिने गवताची एक काडी उपटली. "म्हणजे जिच्यावर मी बॉलच्या आधीच घुसले, ती खोटी होती."

माझा पारा पुन्हा चढला. खांदा ठणकत होता, तरी मी तिच्याकडे पूर्ण वळले. "एकही खोटी नव्हती. तू अंगावर आदळलीस आणि माझा खांदा गेलाय, तुला काय वाटतं, मी खोटं करून तिथे उभी राहिले असते?"

ती सबंध मैदान ऐकेल इतक्या मोठ्याने हसली. "ओके, ओके," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी हाताकडे ढुंकून बघणार नाही. फक्त बॉल."

"बघ फक्त बॉल," मी म्हटलं. "मी मधेच असणार आहे."